मोटारीतील अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर व सबवूफर यांची सुरक्षित जुळणी : एक भौतिकशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

अमेरिकेत १९३० साली गॅल्विन बंधूंच्या कंपनीने ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीत बसविण्याजोगा रेडिओ बाजारात आणला. तेव्हापासून मोटार आणि संगीत यांचे नाते उत्तरोत्तर दृढ होत गेले आहे. आज कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक मोटारींत ध्वनियंत्रणा असतेच. तथापि तेवढ्यावर समाधान न मानणारा ग्राहक अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जातो आणि स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर, दारांत नवे स्पीकर व डिकीत सबवूफर बसवून घेतो. दुकानात त्याच्याशी जी चर्चा होते ती प्रामुख्याने एकाच शब्दाभोवती फिरते. तो शब्द म्हणजे ‘वॅट’. खोक्यावरील आकडा जितका मोठा तितके यंत्र चांगले, आणि स्पीकरचे वॅट व अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट सारखे असले की जुळणी साधली, असा समज सर्वत्र रूढ झालेला दिसतो.

हा समज पूर्णतः चुकीचा नसला तरी धोकादायक म्हणावा इतका अपुरा आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने वॅटचा प्रश्न दुसरा असून ओहमचा प्रश्न पहिला आहे, आणि तारेचा प्रश्न या दोहोंपेक्षा गंभीर आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र पदवीच्या पहिल्या वर्षापलीकडचे नाही. जॉर्ज सायमन ओहम याने १८२७ मध्ये मांडलेला नियम आणि शक्तीची दोन सूत्रे एवढी सामग्री पुरेशी आहे.

खोक्यावरील वॅट आणि प्रत्यक्षातील वॅट

मोटारीच्या डॅशबोर्डमधील अनेक म्युझिक सिस्टिमवर ‘५० वॅट × ४’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. हा आकडा कोठून येतो ते पाहणे उद्बोधक आहे. इंजिन चालू असताना मोटारीतील विभवांतर सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत जाते. अशा यंत्रातील अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपला विभवांतर वाढविणारे वेगळे मंडल नसते. त्यामुळे स्पीकरच्या दोन टोकांमध्ये कोणत्याही क्षणी १४.४ व्होल्टपेक्षा अधिक विभवांतर मिळू शकत नाही. साइन तरंगाचे शिखर १४.४ व्होल्ट असेल तर त्याचे आरएमएस मूल्य सुमारे १०.२ व्होल्ट येते. याचा वर्ग करून ४ ओहमने भागल्यास २६ वॅट मिळतात. ट्रान्झिस्टरमध्ये होणारी घट वजा जाता शुद्ध स्वरूपात स्पीकरला मिळणारी शक्ती प्रत्यक्षात १८ ते २२ वॅटच्या आसपास राहते.

मग ५० वॅट कोठून आले? तरंग पूर्णपणे चौरस झाला, म्हणजे ध्वनी असह्यपणे विरूप झाला, तर आरएमएस मूल्य शिखरमूल्याइतकेच होते, आणि १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे सुमारे ५२. अर्थात छापलेला आकडा भौतिकशास्त्राच्या दृष्टीने खोटा नाही, परंतु त्या अवस्थेत कोणीही संगीत ऐकू इच्छिणार नाही. अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेने २००३ मध्ये आणलेल्या सीईए-२००६ या मानकात म्हणूनच १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि जास्तीत जास्त १ टक्का विरूपण अशा ठरावीक अटींवर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती मोजावी असे ठरविण्यात आले. मानक ऐच्छिक असल्याने सर्वांनी ते स्वीकारले असे नाही. खरेदी करणाऱ्याने ‘मॅक्स’, ‘पीक’ हे आकडे बाजूला ठेवून केवळ आरएमएस शक्ती पाहावी, हे इष्ट. आणि ती शक्ती किती ओहमवर मोजली आहे, हे त्याबरोबर लिहिलेले नसेल तर त्या आकड्यालाही फारसा अर्थ उरत नाही.

ओहमचा प्रश्न

स्पीकरवर ‘४ ओहम’ असे लिहिलेले असते. हा साधा रोध नसून संरोध आहे. म्हणजे प्रत्यावर्ती धारेला होणारा एकूण विरोध. तो वारंवारतेनुसार बदलतो. स्पीकरच्या अनुनादाच्या वारंवारतेवर तो कित्येक पटींनी वाढतो, तर अन्यत्र नाममात्र मूल्याच्याही थोडा खाली येतो. आयईसी ६०२६८-५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हे किमान मूल्य नाममात्र मूल्याच्या ८० टक्क्यांहून कमी असू नये. म्हणजे ४ ओहमचा स्पीकर ३.२ ओहमपर्यंत उतरू शकतो. मल्टिमीटरने दिष्ट धारेचा रोध मोजल्यास ४ ओहमच्या स्पीकरवर साडेतीनच्या जवळपासचे वाचन येते. त्यामुळे स्पीकर खराब आहे असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही.

अ‍ॅम्प्लिफायर हा विभवांतराचा पुरवठा करणारा स्रोत मानला, तर त्यातून किती धारा वाहणार हे स्पीकरचा संरोध ठरवितो. समजा, अ‍ॅम्प्लिफायर २० व्होल्ट देत आहे. ४ ओहमच्या स्पीकरमधून ५ अँपिअर धारा वाहील व शक्ती १०० वॅट होईल. त्याच ठिकाणी २ ओहमचा भार लावल्यास १० अँपिअर व २०० वॅट, आणि १ ओहम लावल्यास २० अँपिअर व ४०० वॅट. कागदावर हे आकर्षक दिसते. परंतु ही वाढीव धारा अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरमधून जाते व तेथे उष्णता निर्माण करते. आणि भार जितका कमी ओहमचा तितकी अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमताही घटते. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात ‘किमान संरोध’ दिलेला असतो, तो या कारणासाठी. मोठा अ‍ॅम्प्लिफायर व लहान स्पीकर ही जोडी आवाजाच्या बटणावर संयम ठेवल्यास वर्षानुवर्षे टिकू शकते. परंतु किमान संरोधाखालील भार लावलेला अ‍ॅम्प्लिफायर मध्यम आवाजातही तापत राहतो.

किमान मर्यादा नकळत ओलांडली जाते ती जोडणीमुळे. एकसर जोडणीत संरोधांची बेरीज होते. समांतर जोडणीत एकूण संरोध घटतो. सबवूफरमध्ये बहुधा दोन व्हॉइस कॉइल असतात. प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल एकसर जोडल्या तर ८ ओहम, समांतर जोडल्या तर २ ओहम. असे दोन सबवूफर असतील आणि चारही कॉइल समांतर जोडल्या तर एकूण भार १ ओहम होतो. प्रत्येक सबवूफरच्या कॉइल एकसर जोडून नंतर दोन्ही सबवूफर परस्परांना समांतर लावले तर मात्र ४ ओहम मिळतात. थोडक्यात, एकाच सामग्रीतून केवळ तारा कशा जोडल्या यावर भार चौपट बदलतो.

ब्रिज जोडणी : एक उदाहरण

बाजारात सर्वाधिक खपणारी रचना म्हणजे दोन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर ‘ब्रिज’ करून एक सबवूफर चालविणे. चुकाही याच ठिकाणी सर्वाधिक होतात. त्यामुळे हे उदाहरण सविस्तर पाहणे योग्य ठरेल.

समजा, अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात पुढील आकडे दिले आहेत : ४ ओहमवर प्रत्येकी ७५ वॅट, २ ओहमवर प्रत्येकी ११० वॅट, ब्रिज करून ४ ओहमवर २२० वॅट, किमान संरोध सामान्य जोडणीत २ ओहम, ब्रिजमध्ये ४ ओहम. ब्रिजची किमान मर्यादा दुप्पट का? ब्रिज जोडणीत दोन्ही चॅनेल एकाच स्पीकरला दोन्ही बाजूंनी विरुद्ध कलेत चालवितात. स्पीकरवरील विभवांतर दुप्पट होते. पण त्यामुळे प्रत्येक चॅनेलला तो स्पीकर निम्म्या संरोधाचा भासतो. ब्रिजवर ४ ओहम म्हणजे प्रत्येक चॅनेलच्या दृष्टीने २ ओहम. ब्रिजचे २२० वॅट हे २ ओहमवरील ११० च्या बरोबर दुप्पट आहेत, ही गोष्ट त्याचीच साक्ष देते.

आता ग्राहकाने ४ + ४ ओहमच्या दुहेरी कॉइलचा, २५० वॅट आरएमएसचा सबवूफर घेतला. वॅटच्या दृष्टीने जुळणी उत्तम आहे. बसविणाऱ्याने दोन्ही कॉइल समांतर जोडून २ ओहमचा भार ब्रिजवर लावला, तर प्रत्येक चॅनेलवर १ ओहम येतो, म्हणजे किमान मर्यादेच्या निम्मा. पहिल्या काही मिनिटांत आवाज जोरदार येतो व ग्राहक खूश होतो. नंतर अ‍ॅम्प्लिफायरचे संरक्षक मंडल तो बंद पाडते, थंड झाल्यावर पुन्हा चालू होते; आणि हे चक्र काही आठवडे चालून ट्रान्झिस्टर जळतात. दोष यंत्राच्या माथी मारला जातो.

कॉइल एकसर जोडल्या असत्या तर ८ ओहमचा भार ब्रिजवर आला असता. प्रत्येक चॅनेलला ४ ओहम, म्हणजे एकूण १५० वॅट. येथे सामान्यतः आक्षेप घेतला जातो की ७० वॅट वाया गेले. परंतु कानाचा प्रतिसाद लॉगॅरिथमिक आहे. २२० आणि १५० वॅट यांतील फरक १.७ डेसिबलहून कमी आहे. शक्ती दुप्पट केली तरी केवळ ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. हे ध्यानात घेता सुरक्षित जोडणीची किंमत अगदी नगण्य आहे. ज्याला ती किंमतही मोजायची नसेल त्याने २ + २ ओहमचा सबवूफर घेऊन कॉइल एकसर जोडाव्यात; ब्रिजवर नेमके ४ ओहम मिळतात. हा निर्णय अर्थातच खरेदीपूर्वी घ्यावयाचा असतो.

कमी शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर जाळतो काय?

‘स्पीकर जास्त शक्तीने नव्हे, कमी शक्तीने जळतात’ असे एक विधान या व्यवसायात वारंवार ऐकू येते. शब्दशः घेतल्यास ते निरर्थक आहे. कमी शक्तीने कोणताही स्पीकर जळत नाही. तथापि त्यामागे एक खरे निरीक्षण दडलेले आहे. अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कमाल विभवांतरापर्यंत पोहोचल्यावरही आवाज वाढवत नेला तर तरंगाची शिखरे कापली जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. पूर्ण चौरस झालेल्या तरंगाची शक्ती त्याच शिखराच्या साइन तरंगाच्या दुप्पट असते. म्हणजे ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पिळून काढल्यास १०० वॅटच्या जवळ जाऊ शकतो; आणि मूळ संगीतात नसलेल्या उच्च वारंवारता निर्माण होऊन त्या ट्वीटरकडे जातात. ट्वीटरची कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते. ती प्रथम जाते.

उष्णतेचा हिशेबही येथे पाहिला पाहिजे. एक वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल देणाऱ्या स्पीकरची कार्यक्षमता सुमारे ०.६ टक्के असते. म्हणजे दिलेल्या १०० वॅटपैकी ९९ हून अधिक वॅट कॉइलमध्ये उष्णता होऊन बसतात. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली तर तिचा रोध जवळजवळ पावणेदोन पट होतो व आवाज आपोआप दबतो. ऐकणारा तेव्हा बटण आणखी फिरवितो. कॉइलचे वेष्टन व चिकटद्रव्य निकामी होण्याची ही नेहमीची वाट आहे.

यावर उपाय म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवरील ‘गेन’ नावाचे बटण योग्य ठिकाणी ठेवणे. हे आवाजाचे बटण नव्हे. म्युझिक सिस्टिममधून येणारे विभवांतर व अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण शक्तीसाठी लागणारे विभवांतर यांचा मेळ घालणे एवढेच त्याचे काम. स्पीकर सोडवून, सिस्टिमचे व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशावर ठेवून, सबवूफरसाठी ५० हर्ट्झचा व स्पीकरसाठी १००० हर्ट्झचा पूर्ण पातळीवर ध्वनिमुद्रित केलेला साइन तरंग वाजवावा आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांवर प्रत्यावर्ती विभवांतर मोजावे. शक्ती गुणिले संरोध यांचे वर्गमूळ म्हणजे अपेक्षित विभवांतर. १०० वॅट व ४ ओहमसाठी ते २० व्होल्ट येते. गेन त्याहून किंचित खाली थांबवावा, कारण भार लावल्यावर तरंग थोडा आधीच कापला जाऊ शकतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील ऑसिलोस्कोप उपलब्ध असल्यास कापलेली शिखरे प्रत्यक्ष दिसतात, व पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी हे एक उत्तम प्रात्यक्षिकही ठरेल. मात्र ब्रिज जोडणीतील कोणतेही टोक भू-संलग्न नसते. ऑसिलोस्कोपची भू-क्लिप त्यापैकी एकाला लावल्यास शॉर्ट सर्किट होण्याची शक्यता असते. दोन प्रोब वापरून वजाबाकी घ्यावी. डॅशबोर्डमधील सिस्टिमच्या स्पीकरतारांनाही हीच गोष्ट लागू आहे. त्यांतील ऋण तार मोटारीच्या सांगाड्याला जोडण्याची जुन्या गाड्यांतील सवय आजच्या यंत्रांना घातक ठरते.

पेटी आणि कान

सबवूफरवरील आरएमएस आकडा केवळ उष्णतेची मर्यादा सांगतो. शंकूच्या हालचालीची मर्यादा वेगळी असते व ती पेटीवर अवलंबून असते. तोच आवाज निम्म्या वारंवारतेवर देण्यासाठी शंकूला चौपट हलावे लागते. बंद पेटीतील हवा स्प्रिंगप्रमाणे शंकूला आवर घालते. पोर्ट असलेल्या पेटीत मात्र ठरावीक वारंवारतेखाली हा आवर सुटतो आणि बरेच कमी वॅट असूनही कॉइल चौकटीवर आपटू शकते. अशा पेटीसोबत ‘सबसॉनिक’ फिल्टर आवश्यक आहे. पेटीचे घनफळ सबवूफरच्या माहितीपत्रकातूनच घ्यावे. नेव्हिल थील व रिचर्ड स्मॉल यांनी विसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांनंतर रूढ केलेले मापदंड त्यासाठी छापलेले असतात. दारांतील साडेसहा इंची स्पीकरना ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर लावल्यास त्यांचे आयुष्य लक्षणीय वाढते.

मोटारीची बंदिस्त जागा लहान असल्याने १०० डेसिबल गाठण्यास फार शक्ती लागत नाही. अमेरिकेतील निऑश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला हा काळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलसाठी केवळ १५ मिनिटे उरतात. जळालेली कॉइल बदलता येते.

तार आणि फ्यूज

आतापर्यंतच्या चुका यंत्राचे नुकसान करणाऱ्या होत्या. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी तार मात्र मोटारीला व आत बसलेल्यांना धोका पोहोचवू शकते. ५०० वॅट आरएमएस देणारा ‘डी’ वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम मानला तरी बॅटरीकडून ६२५ वॅट घेतो, १३.८ व्होल्टला ही धारा ४५ अँपिअर होते. ‘एबी’ वर्गाचा, सुमारे ५५ टक्के कार्यक्षमतेचा असल्यास ६५ अँपिअरच्या पुढे. संगीतात पूर्ण शक्ती सतत लागत नसल्याने सरासरी धारा याहून बरीच कमी असते, हे खरे. परंतु तारेची निवड कमाल धारेवरच करावी.

पाच मीटर लांबीच्या, १४ गेजच्या म्हणजे सुमारे २ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०४१ ओहम असतो. ४५ अँपिअरला तीत १.८ व्होल्टची घट होते व ८० वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. ही तार पायाखालच्या गालिच्याखाली, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांमागे दबलेली असते, हे विसरता कामा नये. तेच ४ गेजच्या तारेत, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरला, घट ०.२ व्होल्टहून कमी व उष्णता ८ वॅटच्या आसपास राहते. बाजारातील स्वस्त ‘वायरिंग किट’मध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची तार असते. तिची वाहकता शुद्ध तांब्याच्या सुमारे दोनतृतीयांश भरते. त्यामुळे तेवढ्याच गेजची तार तितकी धारा वाहू शकत नाही. वेष्टनाच्या जाडीवरून तारेची जाडी ठरविणे हीसुद्धा एक सार्वत्रिक फसगत आहे. सांगाड्याला जोडावयाची ऋण तार तितक्याच जाडीची हवी, आणि तिच्याखालील रंग खरवडून धातूशी सरळ स्पर्श साधलेला हवा.

फ्यूजविषयीचा गैरसमज तर अधिक खोलवर रुजलेला आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगावर फ्यूज असतो, मग बॅटरीजवळ दुसरा कशाला, असे विचारले जाते. बॅटरीजवळील फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसून तारेसाठी आहे. इंजिनकक्षातून आत येताना पत्र्याच्या छिद्रात तारेचे वेष्टन घासून फाटले तर बॅटरीतून शेकडो अँपिअर धारा थेट सांगाड्यात उतरते. डिकीतील फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही, कारण ती धारा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून धन टोकापासून सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवा, त्याचे मूल्य तारेच्या वहनक्षमतेपेक्षा अधिक नसावे आणि पत्र्याच्या छिद्रात रबरी ग्रोमेट असावे. काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे व ते सर्वांत शेवटी जोडावे. पुढे केव्हा फ्यूज वारंवार जाऊ लागला, तर त्या जागी मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा बसविण्यापूर्वी स्पीकर सोडवून मल्टिमीटरने भार किती ओहमचा आहे ते पाहावे, आणि नंतर तार बॅटरीपासून डिकीपर्यंत हाताने चाचपून ती कोठे गरम अथवा घासलेली लागते ते तपासावे.